गप्पी माशाला 'गप्पी' का म्हणतात?

मुग्धा_ठाणे
परवा आमच्या सोसायटीत पालिकेची माणसं आली होती. टाक्या तपासल्या, गच्चीवरच्या कुंड्यांखालच्या बशा उपड्या करायला लावल्या आणि जाताना बागेतल्या हौदासाठी पिशवीतून दहा-बारा गप्पी मासे देऊन गेली. माझा लेक (वय आठ) तेव्हापासून हौदापाशीच मुक्कामाला आहे. काल विचारतो, "आई, हे गप्प बसतात म्हणून गप्पी, की गप्पा मारतात म्हणून?"

नवऱ्याच्या मते सारखी तोंडाची उघडझाप चालू असते, म्हणजे गप्पाच. सासूबाईंनी तिसरंच सांगितलं: अळी दिसली की गप्पकन गिळतात म्हणून गप्पी. मला तिन्ही पटलं होतं. मग रात्री शोधलं तर कळलं की हे एका इंग्रज माणसाचं आडनाव आहे! गप्पी नावाचा माणूस मी तरी आयुष्यात ऐकला नाही. हे आडनाव आहे कसलं, आलं कुठून, आणि असे गप्पी लोक राहतात तरी कुठे? जाणकारांनी प्रकाश टाकावा. चिरंजीवांना उत्तर द्यायचं आहे.

टवाळ_पोपट
सासूबाईंची व्युत्पत्ती सर्वोत्तम. धागा बंद करायला हरकत नाही.

कोशातला_किडा
बंद नको, विषय रसाळ आहे.

माशाला ज्याचं नाव मिळालं तो रॉबर्ट जॉन लेचमिअर गपी (इंग्रजी उच्चार 'गपी'च्या जवळचा, आपण प-ला प जोडला). जन्म १८३६, लंडन. बाप त्रिनिदादमध्ये वकील, हा इंग्लंडमध्ये आजोळी वाढला. तरुणपणी भटकायला निघाला तर न्यूझीलंडजवळ जहाज फुटलं, आणि पुढची दोन वर्षं माओरी लोकांत काढली असं त्याच्या चरित्रात सांगतात. मग त्रिनिदादला आला आणि तिथे शाळांचा निरीक्षक झाला. खरा जीव मात्र शिंपले आणि जीवाश्म यांत. १८६६ मध्ये त्याने तिथल्या ओढ्यातले हे इवलेसे मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले. तिथल्या अल्बर्ट ग्युंथरने त्यांचं नाव ठेवलं 'गिरार्डिनस गपीआय'.

म्हणजे आपल्या हौदातला मासा त्रिनिदादच्या एका शाळा-तपासनिसाचं नाव मिरवतो आहे.

मत्स्यगंध
अर्धवट माहिती. ग्युंथरच्या आधीच, १८५९ मध्ये, विल्हेल्म पीटर्स या जर्मन शास्त्रज्ञाने व्हेनेझुएलातून आलेल्या नमुन्यांवरून याचं वर्णन करून ठेवलं होतं: पोइसिलिआ रेटिक्युलाटा. १८६१ मध्ये द फिलिप्पी या इटालियनाने बार्बाडोसच्या माशाला आणखी एक नाव दिलं. आधीचं नाव ते खरं, हा नियम. त्यामुळे शास्त्रीय नावातून गपी बाद झाला.

टवाळ_पोपट
आणि बोलीत राहिला. सातबाऱ्यावर पीटर्स, वहिवाट गपीची.

मत्स्यगंध
अगदी. एक अवांतर सांगतो. डासांसाठी सोडतात तो दुसरा मासा गॅम्बुशिया. त्याच्या नावाचा उगम क्युबातल्या 'गांबुसिनो' या शब्दात आहे, अर्थ 'काहीच नाही'. दिवसभर गळ टाकून हात हलवत परत आलेला माणूस म्हणायचा, गांबुसिनो पकडायला गेलो होतो. फेलिपे पोए या क्युबन निसर्गशास्त्रज्ञाने १८५४ मध्ये त्यावरून नाव ठेवलं. म्हणजे एका माशाचं नाव आडनावावरून आणि दुसऱ्याचं 'कशावरूनच नाही' यावरून.

डॉर्सेटची_सून
अय्या, हा धागा माझ्यासाठीच आहे! मी ब्रिडपोर्टला राहते, इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, डॉर्सेट परगण्याच्या पश्चिम टोकाला. गपी हे इकडचं आडनाव. फार नाहीत, पण कुणी भेटलं तर इथे कुणाला नवल वाटत नाही. लंडनला भेटलं तर वाटेल.

आमच्यापासून थोड्याच अंतरावर वूटन फिट्झपेन नावाचं गाव आहे. त्याच्या हद्दीत गपी नावाची एक वस्ती, त्यावरून हे आडनाव. इकडचे रस्ते म्हणजे गाडीच्या दोन्ही आरशांना झुडपं घासतील एवढे, काही तर शतकानुशतकं बैलगाड्या-घोडे जाऊन जमिनीत पुरुषभर खोल गेलेले. समोरून ट्रॅक्टर आला की उलटी गाडी घेत अर्धा मैल. अशा कोपऱ्यात एखादं नाव पाचशे वर्षं जागचं हललं नसेल तर त्यात आश्चर्य काय?

कोशातला_किडा
@डॉर्सेटची_सून, बरोबर. आडनावांच्या इंग्रजी कोशांतही हेच दिलंय. जुन्या कागदांत 'गुपेहे'सारखं रूप सापडतं. पहिला भाग 'गुप्पा' हे जुन्या इंग्रजीतलं माणसाचं नाव, दुसरा 'हॅय' म्हणजे कुंपण घातलेली जागा. गुप्पाचं कुंपण.

खानोलकर_मास्तर
थांबा थांबा. कुंपण घातलेली जागा म्हणजे आपली वाडी! 'वाड'चा मूळ अर्थच कुंपण. कोकणात अजून कुंपणाला वई म्हणतात आणि आतल्या बागेला वाडी. म्हणजे गपी = गुप्पाची वाडी. मराठीत हे घराणं 'गुप्पेवाडीकर' झालं असतं!

टवाळ_पोपट
मुग्धाताई, लेकाला सांगा, हौदात बारा गुप्पेवाडीकर आहेत.

सातारी_कंदी
मास्तर, साम्य छान आहे, पण 'कर' कुठे गेला? आपल्याकडे गाव वेगळं, आडनाव वेगळं. सातारा गाव, सातारकर माणूस. इंग्रजांत गावाचंच नाव माणसाला. पत्ता कुठला नि माणूस कुठला?

खानोलकर_मास्तर
आधी त्यांच्याकडेही होता. मध्ययुगातल्या कागदांत 'अमुकतमुक गावचा' अशी नावं असतात, मधला 'चा' पुढे झिजून गेला. आणि गंमत पाहा, हे नाव गाव सोडल्यावरच चिकटतं. वूटन फिट्झपेनमध्ये राहणाऱ्याला शेजारी 'गपीवाला' म्हणून काय ओळखणार, सगळेच तिथले. तो पाच कोस लांब जाऊन राहिला की तिथले लोक म्हणणार, तो गपीचा जॉन. आमचं खानोली सुटलं तेव्हाच आम्ही खानोलकर झालो.

नुसता_वाचक
वाचतोय. +१

पुणेरी_संख्याशास्त्री
मूळ प्रश्नात 'राहतात कुठे' असंही आहे, तिकडे वळू. इंग्लंडमध्ये आडनावाचा ठावठिकाणा काढायची साधनं भरपूर आहेत. १३७७ ते १३८१ मधल्या डोईपट्टीच्या याद्या. १५३८ पासून प्रत्येक चर्चला बाप्तिस्मा, लग्न, दफन यांची नोंद ठेवायचा हुकूम होता, त्या वह्या. आणि सगळ्यात लाडकी १८८१ ची जनगणना, कारण हजारो स्वयंसेवकांनी ती नावानिशी उतरवून काढली. तिच्यावरून आडनावांचे नकाशे करतात. स्मिथ घातलं तर अख्खा देश रंगतो. गपी घातलं तर डॉर्सेट गडद, शेजारच्या सॉमरसेट-डेव्हनकडे फिकट आणि लंडनला एक ठिपका, कारण लंडनला सगळेच येतात.

आणि आता खरी मेजवानी. असे आडनावांचे जिल्हावार हिशेब मांडणारं सुरुवातीचं मोठं पुस्तक १८९० मध्ये आलं. लेखकाचं नाव हेन्री ब्रूअम गपी!

डॉर्सेटची_सून
काय सांगता!

पुणेरी_संख्याशास्त्री
मनचं नाही सांगत. हा मासेवाला गपी नव्हे, दुसरा. १८५४ चा जन्म, फॉलमथचा. नौदलात डॉक्टर होता, सॉलोमन बेटांवर प्रवाळ अभ्यासले. घरी आल्यावर आडनावांच्या मागे लागला. जनगणनेचे नावानिशी कागद त्या काळी बघायला मिळत नव्हते. मग पठ्ठ्याने केलीच्या व्यापारी डिरेक्टऱ्या घेतल्या आणि त्यातून फक्त शेतकरी उचलले. शेतकरीच का? कारण तो जागचा हलत नाही. कारकून, दुकानदार, मजूर आज इथे उद्या तिथे, पण शेतकऱ्याचं नाव आणि जमीन एकमेकांना बांधलेली. एखाद्या परगण्यात दहा हजार शेतकऱ्यांमागे सातांपेक्षा कमी भरणारं नाव त्याने सोडून दिलं. उरलेल्यांच्या सहा प्रती लावल्या: सगळीकडे सापडणारी, बहुतेक ठिकाणची, आणि असं करत शेवटी एकाच परगण्याची मिरास असलेली.

पुढे हाच माणूस बिया समुद्राच्या प्रवाहांबरोबर कुठल्या बेटाहून कुठल्या बेटाला जातात यावर लिहीत राहिला. बिया काय, आडनावं काय, याला एकच वेड: हे इथे आलं कसं?

सातारी_कंदी
शेतकऱ्यांवरून मोजणी हे डोकं आवडलं, पण खोट आहे त्यात. ज्याची जमीन गेली तो हिशेबातून गेला. धाकट्या भावाला वाटणी मिळाली नाही, तो खाणीत किंवा गिरणीत गेला, त्याचं आडनाव तर तेच ना? आमच्या गावात एका आडनावाची चार घरं उरलीत, आणि लालबाग-परळात त्याच आडनावाची अख्खी चाळ होती. शेतावरून मोजलं तर हे आडनाव नामशेष ठरेल.

पुणेरी_संख्याशास्त्री
मान्य. पण त्याला 'आज किती' यापेक्षा 'मूळ घर कुठलं' हे हवं होतं. चाळ मोजून मूळ गाव सापडत नाही. चार घरांवरून सापडतं.

सातारी_कंदी
हे पटलं. माघार.

इंजिनिअर_बापूस
गपी म्हटल्यावर आम्हा यंत्रवाल्यांना मासा नाही, जहाज आठवतं. थॉमस रिचर्ड गपी, ब्रिस्टलचा. ग्रेट वेस्टर्न रेल्वे आणि 'ग्रेट ब्रिटन' हे लोखंडी जहाज, दोन्हींत ब्रुनेल या नामांकित इंग्रज इंजिनिअरचा जोडीदार. पुढे प्रकृतीमुळे इटलीत नेपल्सला गेला, तिथे स्वतःचा यंत्रांचा कारखाना काढला आणि १८८२ मध्ये तिथेच वारला. घ्या, नकाशावर आणखी एक ठिपका.

त्याची आई सारा गपी तर जबरदस्त बाई. १८११ मध्ये पुलाच्या पायासाठी खांब ठोकायच्या पद्धतीचं पेटंट तिच्या नावावर. क्लिफ्टनचा प्रसिद्ध झुलता पूल मुळात तिनेच आखला.

कोशातला_किडा
@इंजिनिअर_बापूस, शेवटचं वाक्य मागे घ्या. ही गोष्ट आंतरजालावर फिरते, पण क्लिफ्टनच्या पुलाचा आराखडा ब्रुनेलचा. साराचं पेटंट पुराने पाया वाहून जाऊ नये म्हणून खांब कसे रोवायचे याचं होतं. तेवढंही काही कमी नाही.

इंजिनिअर_बापूस
मागे घेतलं. बदल्यात हे घ्या: तिचं दुसरं एक पेटंट चहाच्या भांड्याचं होतं. त्यात चहाचं पाणी उकळतानाच वाफेवर अंडी शिजतात आणि वर ठेवलेला टोस्ट गरम राहतो.

अन्नपूर्णा_२
हे भांडं कुठे मिळेल? अगदी मनापासून विचारतेय. सकाळी सव्वासातची रिक्षा असते.

मुग्धा_ठाणे
पण सारा गपी माहेरची गपी नाही ना? मग नकाशात तिला कसं धरायचं?

इंजिनिअर_बापूस
माहेरची बीच, बर्मिंगहॅमची. ब्रिस्टलच्या सॅम्युअल गपी नावाच्या व्यापाऱ्याशी लग्न झालं. घराण्यातलं सगळ्यात डोकेबाज नाव सुनेचं निघालं, असंच होतं.

गोंयकार_भाटकार
मला एक प्रश्न आहे. जगातले सगळे गपी एकाच बापाचे का? आमच्याकडे गोव्यात एकाच आडनावाची पन्नास घराणी आहेत आणि कुणाचा कुणाशी सोयरसंबंध नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी जे पोर्तुगीज नाव मिळालं ते घेतलं. तेव्हा आडनाव एक म्हणजे रक्त एक, हे मला कधीच पटत नाही.

डॉ_शेवग्याची_शेंग
भाटकारबाब, याचं उत्तर आता रक्तातूनच काढता येतं. बापाकडून मुलाकडे जसं आडनाव जातं तसंच वाय गुणसूत्र जातं, म्हणून दोन्ही ताडून बघतात. २००० मध्ये ब्रायन साइक्स या ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञाने स्वतःच्याच आडनावाच्या ४८ पुरुषांचे नमुने घेतले. साइक म्हणजे ओढा. ओढे गावोगाव असतात, तेव्हा हे आडनाव अनेक ठिकाणी वेगवेगळं उगवलं असणार, अशी सर्वांची खात्री. निघालं काय? चाळीस टक्क्यांहून जास्त लोकांत एकच गुणसूत्र. म्हणजे बहुधा एकच मूळपुरुष. बाकीच्यांत दत्तक, आईचं आडनाव लावलेले, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची कृपा.

सामान्य निष्कर्ष असा की आडनाव जितकं दुर्मिळ तितकी मूळपुरुष एक असण्याची शक्यता जास्त. गपीसारख्या एका वाडीच्या नावाला हे लागू पडावं, पण पडेलच असं नाही. त्या वाडीतून एकमेकांशी काही नातं नसलेली दोन माणसं निघाली आणि दोघांनाही तेच नाव चिकटलं, असं सहज होऊ शकतं.

दुर्मिळ आडनावांचा याहून सुरस किस्सा यॉर्कशरचा आहे. लेस्टर विद्यापीठाच्या मंडळींना तिथल्या एका अगदी साध्या गोऱ्या इंग्रज गृहस्थाच्या रक्तात पश्चिम आफ्रिकेत आढळणारं फार जुनं वाय गुणसूत्र मिळालं. त्याचं आडनाव पूर्व यॉर्कशरमधलं, दुर्मिळ. म्हणून त्या आडनावाचे १८ पुरुष शोधले, तर सात जणांत तेच. वंशावळी मागे नेल्या तर दोन घराणी निघाली, दोन्ही १७८० च्या दशकातल्या यॉर्कशरपर्यंत पोचणारी, त्यापलीकडे कागद संपतात. म्हणजे त्याही आधी कधीतरी एक आफ्रिकी माणूस यॉर्कशरच्या पोरीशी संसार थाटून बसला होता. चेहऱ्यावर काही उरलं नाही, आडनाव आणि गुणसूत्र उरलं. २००७ मध्ये हे छापून आलं.

गोंयकार_भाटकार
बरें. ह्या उत्तरार एक फेणी म्हजे कडेन उधार.

खानोलकर_मास्तर
यॉर्कशरची गोष्ट वाचून काटा आला.

पुणेरी_संख्याशास्त्री
दुर्मिळ आडनावं मरतात कशी यावरही थोडं. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाला हाच प्रश्न पडला होता: मोठमोठ्या घराण्यांची नावं का विझतात? उत्तर हेन्री वॉटसन नावाच्या पाद्र्याने गणिताने काढलं, १८७४ मध्ये दोघांनी छापलं. प्रत्येक पिढीत काहींना मुलगे होतात, काहींना मुलीच, काहींना कोणीच नाही. नाव मुलग्यांतूनच जात असेल तर नुसत्या योगायोगाने नावं गळत जातात. वॉटसनने घाईत 'सगळीच नावं शेवटी मरणार' असं काढलं, ते चुकलं. सरासरी एकापेक्षा जास्त मुलगे होत असतील तर तरून जायची शक्यता उरते. पण सुरुवातीला एकच घर असेल तर पहिल्या दोन-चार पिढ्या धोक्याच्या. गुप्पेवाडीकर त्यातून वाचले.

मत्स्यगंध
माशांना ही भीती नाही. मादी एकदा जोडा जमला की महिनोन्महिने नर नसतानाही पिल्लं घालत राहते. मुग्धाताई, हौदावर लक्ष ठेवा. आणि हात जोडून विनंती, ते मासे नदी-ओढ्यात सोडू नका. विहीर, हौद, कारंजं इथपर्यंत ठीक. बाहेर गेले की आपल्या देशी छोट्या माशांच्या जागेवर बसतात. अळ्या खाणारे देशी मासे आपल्याकडेही आहेत, त्यांना कुणी विचारत नाही.

सातारी_कंदी
परप्रांतीयांचा मुद्दा शेवटी आलाच.

मत्स्यगंध
विनोद करा, पण सोडू नका.

कादंबरीतली_काकू
डिकन्सच्या 'ब्लीक हाउस'मध्ये वकिलाचा कारकून गपी आहे. पोरीला वकिली भाषेत लग्नाची मागणी घालतो तो! कादंबरी १८५२-५३ ची, म्हणजे लंडनकरांना हे आडनाव माशाच्या आधी ठाऊक झालं.

कोशातला_किडा
काकू, नोंद घेतली. आता सगळ्यांना एक कोडं. दुर्मिळ इंग्रजी आडनाव, इंग्लंडच्या एका छोट्या गावावरून पडलेलं. त्या गावाच्या नावाचा दुसरा भागही 'कुंपण घातलेली जागा' याच अर्थाचा. आणि हे आडनाव शिकलेल्या मराठी माणसाच्या तोंडी आहे. ओळखा.

नुसता_वाचक
एल्फिन्स्टन?

कोशातला_किडा
नाही, ते स्कॉटिश.

खानोलकर_मास्तर
मोल्सवर्थ!!

कोशातला_किडा
मास्तर जिंकले. मोल्सवर्थ हे हंटिंगडनशरमधलं, आताच्या केंब्रिजशरमधलं, इवलंसं गाव. १०८६ च्या डूम्सडे नोंदीत, म्हणजे राजाने करवलेल्या जमीन-पाहणीत, आहे. 'मूल' नावाच्या माणसाचं 'वर्थ', म्हणजे पुन्हा कुंपण, पुन्हा वाडी. १८३१ चा मराठी-इंग्रजी कोश आणि कँडी बंधूंच्या मदतीने वाढलेली १८५७ ची आवृत्ती, हे सगळं या मूलवाडीकराचं.

हे नावही हललं कसं बघा. डब्लिनला मोल्सवर्थ स्ट्रीट, तिथल्या व्हायकाउंट घराण्यावरून. न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनला पार्लमेंटसमोर मोल्सवर्थ स्ट्रीट, कॉर्नवॉलच्या सर विल्यम मोल्सवर्थवरून. तिथलाच मोल्सवर्थ नावाचा गुरांचा मळा पावणेदोन लाख हेक्टरांच्या वर. आणि मूळ गावाजवळ हवाई तळ, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी बाँबर, १९८० च्या दशकात क्रूझ क्षेपणास्त्रं आणि त्याविरुद्ध तंबू ठोकून बसलेले शांततावादी.

कादंबरीतली_काकू
आणि इंग्रजी विनोदी पुस्तकांत १९५० च्या दशकात नायजेल मोल्सवर्थ नावाचा शाळकरी पोरगा आहे, ज्याचं एक स्पेलिंग धड नसतं! आपला मोल्सवर्थ शब्दकोशवाला आणि त्यांचा हा.

टवाळ_पोपट
कोशवाल्याने सगळी शुद्धता मराठीसाठी खर्च केली, पोराला काही उरली नाही.

खानोलकर_मास्तर
म्हणजे हौदातला पाहुणा गुप्पेवाडीकर आणि कपाटातला पाहुणा मूलवाडीकर. दोघेही वाडीचे, आणि दोघांचं मूळ गाव नकाशावर भिंगाने शोधावं लागतं.

डॉर्सेटची_सून
या शनिवारी पाऊस नसला तर वूटन फिट्झपेनला जाऊन येते. वाडीची कुंपणं अजून आहेत का ते बघते. नवरा विचारतोय कशासाठी, मी म्हटलं ठाण्याच्या एका आठ वर्षांच्या मुलासाठी.

मुग्धा_ठाणे
सगळ्यांचे मनापासून आभार. चिरंजीवांना सगळं सांगितलं. त्रिनिदाद, डॉर्सेट, वाडी, अंडी उकडणारं भांडं. शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "पण आजीचंच बरोबर आहे, मी बघितलंय, गप्पकन खातात." सासूबाई कालपासून हवेत आहेत.

ता.क. @मत्स्यगंध, तुम्ही म्हणालात तेच झालं. आज हौदात पिल्लं दिसली, मोजता मोजता चाळीसपर्यंत आलो आणि सोडून दिलं. ओढ्यात सोडणार नाही. ठाणे, मुलुंड, कळव्यातल्या ज्यांच्याकडे हौद किंवा टाकी असेल त्यांनी रविवारी सकाळी झाकणाचा डबा घेऊन यावं, पत्ता खरडवहीत देते.

अन्नपूर्णा_२
मी येते. पण त्या भांड्याचं कुणीतरी बघा.